न दिसलेल्या दाराची कडी

तीर्थपुरीच्या शिवारात उन्हाळा सरत आला की म्हातारी माणसं पोराबाळांना त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा बजावतात. चप्पल झटकल्याशिवाय पायात घालू नको. गोवऱ्यांच्या ढिगात अंधारात हात घालू नको. भुईवर अंथरूण टाकलंस तर आधी खालची जागा बघून घे. वळवाचा पहिला पाऊस पडतो, तापलेल्या भुईत पाणी मुरतं आणि दगडी भिंतींच्या सांदीतून, कडब्याच्या गंजीखालून, सरपणातून विंचू बाहेर येतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव गोदावरीच्या खोऱ्यातलं. ऊस, कापूस आणि मोसंबीचा हा मुलूख. नदीने वर गेलं की पैठण लागतं. तिथल्या एकनाथांनी विंचवावर भारूड रचलं. त्यातला विंचू मनातल्या विकारांचा आहे. पण भारूड ऐकायला बसलेल्या शेतकऱ्याला त्याची कळ समजावून सांगावी लागली नसेल.

आपण घाबरतो मोठ्या काळ्या विंचवाला. जीव घेणारा विंचू बहुतेक वेळा दुसराच असतो : बोटभर लांबीचा, तांबूस, बारीक नांग्यांचा, शेपटीने मात्र दांडगा. त्याच्या दंशाने सुदृढ माणूस काही तासांत फुप्फुसात पाणी भरून का मरतो, हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या डॉक्टरांना अनेक वर्षं छळत होता. त्याचं उत्तर आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर बसलेल्या एका प्रथिनात होतं. अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरकं ज्या प्रथिनाला येऊन चिकटतात, तो हा रिसेप्टर. त्याचा आकार माणसाने डोळ्यांनी पाहिला तो एकविसाव्या शतकात. पण त्याच्या कितीतरी आधी, तो दिसत नसताना, त्याच्यावर नेमका हात ठेवून माणसं वाचवणारा एक डॉक्टर याच जालना जिल्ह्यातून गेला होता.

भोकरदन तालुक्यातलं देहेड हे जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, तीर्थपुरी दक्षिणेला. १९५१ साली देहेडच्या एका गरीब शेतकरी घरात हिंमतराव साळुबा बावस्कर जन्मले तेव्हा जालना हा जिल्हाच नव्हता. देहेडचा भाग हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना वेगळा झाला १९८१ मध्ये. कष्ट करत, मिळेल ते काम करत ते शिकले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. ती सगळी वाटचाल त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनात लिहिली आहे, आणि ती त्यांच्याच शब्दांत वाचावी. आपल्याला इथे हवं आहे ते १९७६ साल. त्या वर्षी ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यातलंच, म्हणजे तीर्थपुरीच्या शेजारचं. आणि दासबोध जिथे लिहिला गेला असं परंपरा सांगते ती शिवथरघळ महाड तालुक्यात, बिरवाडीच्या बाजूच्या डोंगरात. दुसऱ्या जीवांपासून माणसाला होणाऱ्या त्रासाला त्या ग्रंथात आधिभौतिक ताप म्हटलं आहे. गोदावरीच्या काळ्या रानातून सह्याद्रीच्या त्या ओल्या घळीपर्यंतची वाट मराठी माणसाला अशी जुनी ओळखीची आहे. बावस्कर त्याच खोऱ्यात पोचले आणि त्यांच्यासमोर हाच ताप रोज झोळीतून, डोलीतून, खाटेवरून येऊ लागला.

येणारा रुग्ण कसा असायचा? भाताच्या पेंढ्यात हात घातलेली बाई, अनवाणी निघालेला गुराखी, अंथरुणात दंश झालेलं मूल. आधी दंशाच्या जागी आगडोंब. मग ओकाऱ्या, अंगातून पाण्यासारखा घाम, तोंडाला लाळ. हातपाय बर्फासारखे गार. नाडी धावते, रक्तदाब चढतो. आणि मग काही तासांनी खोकला, धाप, तोंडातून गुलाबी फेस. हा फेस दिसला की नातेवाईक समजून चुकायचे. जुन्या लिखाणांत पश्चिम भारतातल्या अशा फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावल्याची नोंद आहे. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरण्याबद्दल लिहिलं होतं, म्हणजे वैद्यकाला हे अगदी अपरिचित नव्हतं. उपाय मात्र हाती नव्हता. कोणी अ‍ॅट्रोपिन देई, कोणी डिजॉक्सिन, कोणी गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण. रुग्ण तरीही जात.

बावस्करांनी जे केलं ते ऐकायला साधं वाटतं. ते रुग्णाजवळ बसून राहिले. रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, पावलांचा गारवा यांची वेळेनुसार नोंद केली. कोणती लक्षणं दिसली की पुढे हृदय कोलमडणार, हे त्या नोंदींतून हळूहळू उमटलं. ओकारी, भरपूर घाम आणि पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही आगाऊ सूचना असते, असं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. लंडनच्या त्या नियतकालिकात कोकणातल्या एका खेड्याच्या दवाखान्यातून निघालेला लेख छापून आला. त्यामागे ना प्रयोगशाळा होती ना अनुदान. होती ती एका माणसाची चिकाटी आणि वहीतली अक्षरं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आता त्या वहीतल्या नोंदींचा अर्थ. विंचवाचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा मिटू देत नाही. तंतू पेटलेलेच राहतात आणि शरीरभर अ‍ॅड्रिनॅलिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. ही संप्रेरकं एरवी आपल्या भल्याची. अंगावर बैल आला तर पळण्याची ताकद तीच देतात. पण लोंढा सुटतो तेव्हा रक्तवाहिन्यांवरचे सगळे रिसेप्टर एकाच वेळी दाबले जातात आणि वाहिन्या आवळून बसतात. शेतकऱ्याला हे चटकन कळेल : पाइपलाइनचे सगळे व्हॉल्व्ह आवळले आणि विहिरीवरची मोटर चालूच ठेवली, तर काय होईल? दाब चढत जाईल, मोटर तापेल, आणि पाणी वाट मिळेल तिथून उलटं फुटेल. हृदय ही मोटर. उलटं फुटणारं पाणी फुप्फुसात भरतं. गार हातपाय म्हणजे बंद झालेले व्हॉल्व्ह.

मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती याच विषाचा दुसऱ्या बाजूने अभ्यास करत होते. विषामुळे इन्सुलिनचा स्राव दबतो असं त्यांना प्रयोगांत आढळलं. म्हणजे एका संप्रेरकाचा पूर आणि दुसऱ्याचा दुष्काळ. एका खेडेगावच्या दवाखान्यात आणि एका महानगरातल्या प्रयोगशाळेत त्याच विंचवाभोवती ही कामं चालली होती.

पण ‘रिसेप्टर’ हा शब्द मी इतक्या सहज वापरतो आहे. त्या काळी तो तितका सहज नव्हता.

अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळं झालं ते १९०१ च्या सुमाराला. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने अमेरिकेत प्राण्यांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून त्याचे स्फटिक मिळवले. हे द्रव्य रक्तात सोडलं की हृदय धावतं आणि वाहिन्या आवळतात, हे दिसत होतं. द्रव्य ओळखलं, पण ते धरतं कोण? १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी म्हटलं की पेशीमध्ये ‘ग्रहण करणारं’ काहीतरी द्रव्य असलं पाहिजे, ज्याला निरोप मिळतो आणि जे तो पुढे देतं. कोणी ते पाहिलं नव्हतं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं अनेक मोठे शास्त्रज्ञ त्याला सोयीची कल्पना मानत राहिले.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या रेमंड आलक्विस्ट यांनी अ‍ॅड्रिनॅलिनसारखी काही द्रव्यं वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. कोणतं द्रव्य कुठे जास्त जोर धरतं याची क्रमवारी लावली तर एकच क्रम येईना. दोन क्रम आले. मग ग्रहण करणाऱ्या जागाही दोन जातींच्या असल्या पाहिजेत. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा म्हटलं. ढोबळ मानाने, अल्फा वाहिन्या आवळते, बीटा हृदय पळवते आणि श्वासनलिका सैल करते. त्या लेखाला एका नियतकालिकाने नकार दिला होता, दुसऱ्याने छापला. पुढे जेम्स ब्लॅक यांनी बीटाचं दार बंद करणारं प्रोप्रॅनोलॉल बनवलं आणि १९८८ चं नोबेल मिळवलं. दम्याच्या रुग्णाच्या हातातला सालब्युटामॉलचा निळा पंप बीटा-२ या उपजातीचं दार उघडतो. तीर्थपुरीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये आज तो मिळेल. घेणाऱ्याला आलक्विस्ट ठाऊक असण्याची गरज नाही, पण त्याच्या प्रत्येक झुरक्यामागे तो १९४८ चा लेख आहे.

१९७० च्या दशकात अल्फाचेही दोन भाग पडले, अल्फा-१ आणि अल्फा-२. त्याच दशकात प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी बाजारात आली. ती वाहिन्या सैल करते हे आधी कळलं. ती अल्फा-१ ला निवडून अडवते हे काही काळाने लक्षात आलं. औषध आधी आणि त्याचा अर्थ नंतर, असं वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडलं आहे.

बावस्कर मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एमडी झाले आणि पुन्हा महाडच्याच भागात परतले. शहरात थांबता आलं असतं. आवळलेल्या वाहिन्या सोडवायला त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते औषध प्रभावी, पण अवघड. शिरेतून थेंब थेंब द्यावं लागतं, उजेडापासून जपावं लागतं, क्षणोक्षणी रक्तदाब बघावा लागतो. वीज जाणाऱ्या, एकच परिचारिका असलेल्या दवाखान्यात हे किती रुग्णांना देणार? त्यांना हवी होती तोंडातून देता येणारी, स्वस्त, अल्फा-१ वर नेमकी बसणारी गोष्ट. प्राझोसिन तशीच होती. वाहिन्या सैल करते, आणि हृदयाचे ठोके फारसे वाढवत नाही.

१९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. ही शेवटची अट मला सगळ्यांत सुंदर वाटते. ज्या रिसेप्टरला कोणी पाहिलेलं नाही, तो मोकळा झाला की नाही याचं मोजमाप डॉक्टरच्या तळहाताने करायचं. एक खबरदारी मात्र कटाक्षाने पाळायची : पहिल्या गोळीनंतर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण उठून बसला तर रक्तदाब एकदम खाली येऊन तो कोसळू शकतो. ओकाऱ्यांनी आणि घामाने गेलेलं पाणीही भरून काढावं लागतं. म्हणून ही गोळी घरी कोणी दिली असं होता कामा नये, ती दवाखान्यातच.

प्राझोसिन आल्यानंतर विंचूदंशाच्या मृत्यूंचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास खाली आलं, असं बावस्करांनी आपल्या पुढच्या लेखांत नोंदवलं आहे. त्यानंतर हाफकिन संस्थेने बनवलेली विंचवाची प्रतिविष लस आली. प्राझोसिन दार अडवते, लस विषच निष्प्रभ करते. दोन्ही एकत्र दिल्याने काय होतं, हे त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासलं आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या गोळीवर असलेल्या ३५ पैकी ८ जण. तालुक्याच्या गावी, खाजगी दवाखान्याच्या खाटांवर, अशी शिस्तबद्ध चाचणी पूर्ण करणं मोठी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्रात तिच्याबद्दल जेवढं बोललं गेलं पाहिजे तेवढं बोललं जात नाही.

ज्या १९८६ मध्ये महाडचा लेख छापला गेला, त्याच वर्षी अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅड्रिनॅलिनच्या बीटा-२ रिसेप्टरचं पहिलं खरं रूप हाती लागत होतं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सारी द्रव्यं चिकटवून वर्षानुवर्षं त्याचा माग काढला होता. अडचण अशी की पेशीत तो अगदी तुरळक. शुद्ध नमुना मिळवायचा तर लाखपटीने गाळावं लागे, आणि त्यासाठी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याची फुप्फुसं वापरली जात. त्यांच्याकडे आलेल्या ब्रायन कोबिल्का या तरुण डॉक्टरने मर्क कंपनीतल्या शास्त्रज्ञांच्या साथीने बीटा-२ चा जनुक शोधून काढला. कोबिल्का मुळात रुग्णालयात घडलेले. अतिदक्षता विभागात अ‍ॅड्रिनॅलिनने थांबत आलेलं हृदय परत चालतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. या औषधाला पेशीत कोण धरतं, याची त्यांना ओढ लागली होती.

जनुक वाचला तेव्हा सगळे चकित झाले. प्रथिनाची साखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली, आणि अशीच रचना डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या ऱ्होडोप्सिनची. उजेड पकडणारं आणि भीतीचं संप्रेरक पकडणारं एकाच घराण्यातलं निघालं. पुढे या घराण्यात माणसाच्या शरीरातले शेकडो रिसेप्टर सापडले. वास, चव, भूक, वेदना, दूध उतरणं, हाडांतलं कॅल्शियम, सगळीकडे याच घराण्याची कुठली ना कुठली शाखा.

अक्षरांची माळ मिळाली, पण माळेवरून आकार कळत नाही. आकारासाठी स्फटिक हवेत. मीठ, साखर यांचे स्फटिक सहज होतात. साखर कारखान्यात पाक दाणेदार कसा होतो हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. पण हे प्रथिन स्निग्ध पटलात रुतून बसलेलं असतं. तिथून बाहेर काढायचं तर साबणासारख्या द्रव्यात धरावं लागतं, आणि साबणात धरलं की ते लवकर मोडतं. शिवाय ते स्वस्थ बसत नाही. सतत हलतं, आकार बदलतं. हलणाऱ्या वस्तूंचा रचून स्फटिक होत नाही. कोबिल्का स्टॅनफर्डला गेले आणि या एकाच अडचणीशी पंधरा-वीस वर्षं झुंजत राहिले. मधे २००० साली गाईच्या डोळ्यातल्या ऱ्होडोप्सिनचं चित्र दुसऱ्या गटाने मिळवलं, पण ऱ्होडोप्सिन त्या मानाने भरपूर मिळतं आणि स्थिर असतं.

कोबिल्कांनी काय काय केलं ते वाचताना माणूस थक्क होतो. प्रथिनातला सर्वांत चळवळ्या फासा कापून त्याजागी टी-फोर लायसोझाइम नावाचं घट्ट, स्फटिक होण्यात तरबेज प्रथिन जोडलं. मानवी रिसेप्टर कीटकांच्या पेशींत वाढवला. रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटाबरोबर टूथपेस्टसारख्या घट्ट स्निग्ध मिश्रणात स्फटिक उगवले. ते इतके बारीक की नेहमीच्या क्ष-किरणांना पुरले नसते. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतली अगदी बारीक, प्रखर किरणशलाका त्यांच्यावर टाकावी लागली. २००७ मध्ये मानवी बीटा-२ रिसेप्टरची रचना २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने जगापुढे आली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. सात मळसूत्री दांड्यांचा जुडगा, आणि वरच्या तोंडाशी एक खोबण. खोबणीत औषधाचा एक रेणू बसलेला.

लँग्लींनी अनुमान केलेलं द्रव्य, १०२ वर्षांनी, असं दिसलं.

कोबिल्का तिथे थांबले नाहीत. मिटलेलं दार दिसलं. उघडताना ते काय करतं? त्यासाठी रिसेप्टर, संप्रेरकासारखं द्रव्य आणि पेशीच्या आतलं निरोप्या प्रथिन या तिघांना एकत्र पकडायचं होतं. इथे मदतीला आला लामा, दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला प्राणी. ब्रसेल्सच्या यान स्टेयार्ट यांनी लामाच्या रक्तातून मिळवलेल्या चिमुकल्या प्रतिपिंडाने ही तिकडी घट्ट धरून ठेवली. २०११ मध्ये चित्र आलं : वरच्या खोबणीत रेणू बसतो आणि आतल्या बाजूला सहावी दांडी तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकते, तिथे झालेल्या जागेत निरोप्या शिरतो. बाहेर बोट लागलं आणि आत कडी सरकली. पुढच्याच वर्षी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये खुद्द अ‍ॅड्रिनॅलिन खोबणीत बसलेलं दिसलं : त्याच्या नायट्रोजनच्या टोकाला तिसऱ्या दांडीवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल धरतं, दुसऱ्या टोकाला पाचव्या दांडीवरची सेरीनं.

पण हे सगळं बीटाचं. विंचवाच्या रुग्णाचे प्राण घेते ती अल्फा-१. तिचं चित्र आणखी उशिरा आलं. अल्फा-१ बीटाइतकीसुद्धा स्थिर नाही. झुरिकमधल्या आंद्रेआस प्लुकथुन यांच्या गटाने तिच्यात निवडक बदल करत करत ती टिकाऊ केली, पकडायला खास घडवलेलं दुसरं प्रथिन जोडलं, आणि २०२२ च्या जानेवारीत मानवी अल्फा-१बी ची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. खोबणीत सायक्लाझोसिन होतं. त्याची घडण प्राझोसिनच्याच कुळातली. रसायनाच्या भाषेत दोघांचा कणा एकच, क्विनाझोलिनचा. पुढच्या वर्षी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अल्फा-१ए चीही चित्रं आली. लघवीच्या त्रासासाठी गावातले आजोबा जी टॅम्सुलोसिनची गोळी घेतात, ती याच अल्फा-१ए वर बसते.

त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी, पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री होती. झुरिकच्या लेखाचा आणि त्या यादीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी मला ती दोन कात्रणं शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. झुरिकच्या चित्रात दिसतं ते हे : औषधाचा रेणू संप्रेरकाच्या नेमक्या जागी जाऊन बसलेला, तिसऱ्या दांडीवरच्या त्याच अ‍ॅस्पार्टिक आम्लाने त्याला धरलेलं, आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला शिरायला जागाच उरलेली नाही. बिरवाडी-महाडच्या खाटांवर १९८४ पासून हेच घडत होतं. पाहणाऱ्याला दिसायचा तो वरवरचा परिणाम, पण त्याने आतली गोष्ट बरोबर ओळखली होती.

काही लोक अशा वेळी म्हणतात, मग चित्राची गरज काय होती, इलाज तर आधीच सापडला होता. मला हे पटत नाही. प्राझोसिन वाहिन्यांवरच्या सगळ्या अल्फा-१ अडवते, कुठल्याही उपजातीचा भेद करत नाही. म्हणूनच तो पहिल्या गोळीचा धक्का, म्हणून रुग्णाला आडवं ठेवण्याची सक्ती. फक्त हव्या त्या उपजातीवर बसेल असं औषध घडवायचं तर खोबणीच्या भिंती कुठे वळतात, कुठे एखादं अमिनो आम्ल वेगळं आहे, हे दिसलंच पाहिजे. आणि दुसऱ्या बाजूने, नुसतं चित्र घेऊन बसलेल्या माणसाला विंचवाने चावलेल्या बाईचं पाऊल गार का पडतं हे कोणी तरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस रात्रभर तिच्या खाटेशी बसलेला असावा लागतो.

कोबिल्कांच्या कामाला कोट्यवधी डॉलर, किरणांचे महाकाय कारखाने, खंडोखंडीचे सहकारी लागले. बावस्करांच्या कामाला रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ आणि वही. दोघांनी एकाच घराण्यातल्या दारांशी वर्षानुवर्षं घालवली. दोघंही डॉक्टर, दोघांनाही अ‍ॅड्रिनॅलिनचा जोर आधी रुग्णाच्या अंगावर दिसला. माझ्या माहितीतल्या मराठी पाठ्यपुस्तकांत या दोघांची नावं एका पानावर आलेली मी पाहिली नाहीत. यावीत असं मला मनापासून वाटतं, आणि जालन्याच्या मुलांच्या पुस्तकात तर आधी.

वळवाचा पाऊस तीर्थपुरीला अजूनही तसाच येतो. ऊसतोडीच्या टोळ्या पालांत भुईवरच झोपतात, सरपण तसंच ढिगात रचलेलं असतं, तांबडा विंचू तसाच सांदीतून निघतो. दंश झालेल्या माणसाला दवाखान्यात आणलं, आडवं निजवलं, गोळी पोटात गेली, की पुढचे काही तास वाट पाहायची असते. अधूनमधून डॉक्टर किंवा सिस्टर चादर बाजूला सारून पावलाला हात लावून बघतात. गार. पुन्हा थोड्या वेळाने. अजून गारच. मग पहाटेच्या सुमाराला केव्हा तरी अंगठ्याजवळ थोडी ऊब हाताला लागते.